कोपाचे प्रवचन आणि खचलेला श्रोता: नॉर्दॅम्प्टन, १७३५

हे प्रकरण कोणते

अमेरिकेतील तेव्हाच्या ब्रिटिश मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या पश्चिम भागात, कनेक्टिकट नदीच्या काठी नॉर्दॅम्प्टन नावाचे गाव आहे. तिथे १७३४ च्या अखेरीपासून १७३५ च्या उन्हाळ्यापर्यंत जे धार्मिक संजीवन, म्हणजे श्रद्धेची सामूहिक जागृती, घडले, त्याची कथा बहुधा यशाची कथा म्हणून सांगितली जाते. सुमारे दोनशे कुटुंबांच्या त्या गावात सहा महिन्यांत तीनशेहून अधिक माणसांचे अंतःकरण पालटले, असा अंदाज तिथले पाळक जोनाथन एडवर्ड्स यांनी नोंदवून ठेवला आहे. या लेखात त्याच सहा महिन्यांतील एकाच माणसाचे प्रकरण मांडले आहे. ते गावातले प्रतिष्ठित व्यापारी होते आणि नात्याने एडवर्ड्स यांच्या मावशीचे यजमान होते. १ जून १७३५ रोजी, रविवारी सकाळी, त्यांनी स्वतःचे जीवन संपवले.

एडवर्ड्स यांनी पुढे छापलेल्या वृत्तांतात त्यांचे नाव दिले नाही, ‘एक सद्गृहस्थ’ एवढाच उल्लेख केला. इथेही त्यांना ‘व्यापारी’ एवढेच म्हटले आहे.

प्युरिटन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची अधिक शुद्धी मागणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथाच्या, उपदेशाविषयी दोन मते नेहमी ऐकू येतात. एका मताप्रमाणे त्या उपदेशकांना नरकाची भीती घालण्यापलीकडे काही ठाऊकच नव्हते. दुसऱ्या मताप्रमाणे त्यांच्या प्रत्येक प्रवचनाच्या शेवटी दयेचे दार उघडलेले असे, म्हणून भीतीविषयीची तक्रार अज्ञानातून येते. माझ्या मते दोन्ही मते मूळ प्रश्नाला बगल देतात. कोप आणि दया हे दोन्ही विषय त्या उपदेशात होतेच. खरा प्रश्न हा आहे, की ते कोणत्या क्रमाने, किती प्रमाणात आणि कोणत्या अवस्थेतल्या माणसासमोर ठेवले गेले. नॉर्दॅम्प्टनच्या प्रकरणात हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे उभा राहतो, की तो टाळता येत नाही.

पार्श्वभूमी

काटेकोरपणे पाहिले तर एडवर्ड्स हे प्युरिटन चळवळ ओसरल्यानंतरचे, तिचे वारसदार म्हणावे असे पाळक होते. ज्या पद्धतीने ते उपदेश करीत ती मात्र पुरती प्युरिटन होती. केंब्रिजच्या विल्यम पर्किन्स यांनी उपदेशकलेवर लिहिलेला लॅटिन ग्रंथ १५९२ साली प्रसिद्ध झाला आणि पुढची काही दशके इंग्लंडमधील व न्यू इंग्लंडमधील, म्हणजे मॅसॅच्युसेट्ससह अमेरिकेच्या ईशान्येकडील वसाहतींमधील, पाळकांनी प्रवचनाची मांडणी साधारण त्याच वळणाने केली. आधी शास्त्रवचन, मग त्यातून निघणारा सिद्धांत, मग त्याची कारणे, आणि शेवटी ‘उपयोग’, म्हणजे ते सत्य समोर बसलेल्या माणसाला कसे लागू पडते याचे विवेचन, अशी ती मांडणी होती. देवाचा कोप आणि देवाची दया यांची वर्णने सर्वांत तीव्रपणे येत ती या शेवटच्या भागात. नियमशास्त्राने, म्हणजे देवाच्या आज्ञांनी, माणसाला त्याचे पाप दाखवावे, त्याच्या सबबी एकेक करून काढून घ्याव्यात, आणि तो निरुत्तर झाला म्हणजे सुवार्तेने, म्हणजे ख्रिस्ताद्वारे तारणाच्या संदेशाने, त्याच्यापुढे ख्रिस्त ठेवावा, असा हा क्रम ठरलेला होता.

या क्रमाला पर्किन्स यांनीच एक महत्त्वाची मर्यादा घालून ठेवली होती. श्रोते सात प्रकारचे असतात, असे त्यांनी लिहिले. काही अज्ञानी आणि शिकण्यास नाखूश असतात, काही अज्ञानी पण शिकण्यास तयार असतात, काहींना ज्ञान असते पण नम्रता नसते, काही नम्र झालेले असतात, काही विश्वास ठेवणारे, काही घसरलेले, आणि प्रत्यक्ष मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, हे या सर्वांचे मिश्रण. ज्याचे मन कठीण आहे त्याला नियमशास्त्र ऐकवावे आणि जो पुरता नम्र झाला आहे त्याला सुवार्ता. मात्र त्याची नम्रता खरी आणि पुरेशी आहे की नुकतीच सुरू झाली आहे, हे आधी पारखून घ्यावे, म्हणजे वेळेआधी दिलासा दिला जाणार नाही. घाईने दिलेल्या दिलाशाची ही धास्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे नॉर्दॅम्प्टनमध्ये तिचे फार मोठे वजन पडले.

त्याच परंपरेत दुसरा सूरही होता. प्युरिटन उपदेशक रिचर्ड सिब्ज यांनी बायबलमधील यशयाच्या बेचाळिसाव्या अध्यायातील ‘चेपलेला बोरू तो मोडणार नाही, मिणमिणती वात विझवणार नाही’ या वचनावर दिलेली प्रवचने १६३० साली पुस्तकरूपाने निघाली आणि खचलेल्या मनांसाठी ती पिढ्यानुपिढ्या वाचली गेली. दुसरे प्युरिटन पाळक रिचर्ड बॅक्स्टर यांनी तर विषण्णता हा शरीराचाही रोग आहे असे धरून तिच्यावर सविस्तर लिहिले. अशा माणसाला एकटे राहू देऊ नये, दीर्घ एकांत-चिंतनापासून त्याला दूर ठेवावे, कामात गुंतवावे, वैद्याचे औषध द्यावे, असा त्यांचा स्पष्ट सल्ला होता. त्यामुळे अशा श्रोत्याचे काय करावे हे प्युरिटनांना ठाऊकच नव्हते, असे म्हणता येत नाही. ते ज्ञान परंपरेत होते. प्रश्न एवढाच आहे की त्या वसंतात ते कोणाच्या हाताशी होते.

नॉर्दॅम्प्टनच्या व्यासपीठाची स्वतःची अशी परंपरा होती. एडवर्ड्स यांचे मातुल आजोबा सॉलोमन स्टॉडर्ड यांनी तिथे जवळजवळ साठ वर्षे पाळकाचे काम केले. त्यांच्या काळात आत्म्यांचे पाच मोठे ‘हंगाम’, म्हणजे अनेकांची मने एकदम पालटण्याचे काळ, आले, आणि १६७९, १६८३, १६९६, १७१२ व १७१८ ही त्यांची वर्षे एडवर्ड्स यांच्या वृत्तांतावरून काढता येतात. उपदेशक लोकांना नरकाविषयी पुरेसे बजावीत नाहीत, अशी स्टॉडर्ड यांची उघड तक्रार होती आणि १७२३ साली त्यांनी त्याच विषयावर पाळकांची कानउघाडणी करणारे प्रवचन दिले. १७२६ साली एडवर्ड्स त्यांचे सहायक म्हणून आले आणि १७२९ च्या फेब्रुवारीत आजोबा वारल्यावर पंचविसाव्या वर्षी ते एकटे त्या व्यासपीठावर उभे राहिले.

एडवर्ड्स आरडाओरडा करणारे उपदेशक नव्हते, हे इथे सांगायलाच हवे. त्यांचा आवाज लहान होता, हातवारे जवळजवळ नव्हते, आणि त्या काळात ते प्रवचन लिहून आणून त्यावरूनच देत. त्यांच्या बोलण्यातली भीती तर्काच्या घट्टपणातून येई. ऐकणाऱ्याला सुटकेच्या ज्या वाटा सुचत त्या सर्व ते आधीच ओळखून, एकेक करून बंद करीत जात.

कोप आणि दया यांचा पेच

१७३४–३५ च्या संजीवनात ज्या प्रवचनांचा सर्वाधिक परिणाम झाला, ती देवाच्या सार्वभौमत्वावरची आणि पाप्याला शिक्षा करण्यातील देवाच्या न्यायावरची होती, असे एडवर्ड्स यांनी स्वतः लिहिले आहे. बायबलमधील रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ‘प्रत्येक तोंड बंद व्हावे’ या अर्थाचे जे वचन आहे, त्यावरचे प्रवचन त्यांत प्रमुख होते. देवाने तुला टाकून दिले तर त्यात अन्याय काहीच नाही, हे श्रोत्याने केवळ मान्य करायचे नव्हते, ते त्याच्या आतपर्यंत पोहोचायचे होते.

पहिल्या वाचनात हे कठोर वाटते, पण त्यामागे दयेविषयीचीच एक धारणा आहे. दया ही देणे लागत असेल तर ती दया उरत नाही, ती परतफेड होते. म्हणून देव दया करण्यास बांधलेला नाही हे जोवर माणसाला पटत नाही, तोवर तो दयेऐवजी आपल्या हक्काचीच मागणी करीत राहतो, अशी ती मांडणी होती. अनेकांच्या बाबतीत ही मांडणी फळाला आली. आपली शिक्षा न्याय्य आहे हे ज्या क्षणी त्यांनी कबूल केले, त्याच क्षणाच्या आसपास त्यांना विलक्षण शांती लाभली, आणि ज्या न्यायाची त्यांना धास्ती होती तोच त्यांना सुंदर वाटू लागला, असे अनुभव एडवर्ड्स यांनी नोंदवले आहेत. हे अनुभव खोटे ठरवण्याचे मला काही कारण दिसत नाही.

पण या मांडणीत एक मोकळी जागा राहते. पाप पटल्यावर आणि शांती लाभण्याआधी माणूस जिथे थांबलेला असतो, तिथे त्याला निश्चित असे काहीच सांगता येत नव्हते. प्रार्थना कर, वचन वाच, उपासनेला ये, असे सांगता येई. पण असे केल्यास तुझे तारण होईलच असे वचन देता येत नसे, कारण मग दया पुन्हा देणे ठरली असती. कृपा मिळाली की नाही हे त्याने स्वतःच्या अंतःकरणात शोधायचे. निरोगी मनाचा माणूस या जागेतून काही आठवड्यांत पुढे सरके. स्वतःला सतत तपासणाऱ्या, झोप उडालेल्या माणसासाठी मात्र ही जागा दार नसलेली खोली होती.

अडचण कशी उभी राहिली

१७३४ च्या वसंतात गावातला एक तरुण अल्प आजाराने अचानक वारला आणि पाठोपाठ एक तरुण विवाहित स्त्रीही गेली. तरुण मंडळी गंभीर झाली. डिसेंबरच्या अखेरीस पाच-सहा जणांचे अंतःकरण एकापाठोपाठ पालटले. त्यांत मौजमजेसाठी गावभर ठाऊक असलेली एक तरुणीही होती, आणि तिच्यातला बदल पाहून गाव हलले. १७३५ च्या मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला सरासरी चार, आठवड्याला सुमारे तीस माणसे, असा वेग एडवर्ड्स यांनी मोजला आहे. लोक पाळकाच्या घरी रांग लावीत. दुकानात, शेतावर, पाणवठ्यावर हाच एक विषय होता.

व्यापारी या काळाच्या सुरुवातीपासूनच आपल्या आत्म्याच्या स्थितीविषयी अतिशय चिंतित होते. ते सामान्यांहून अधिक बुद्धीचे, सदाचारी आणि धर्मनिष्ठ म्हणून ओळखले जात. त्यांच्या घराण्यात विषण्णतेचा विकार होता आणि त्यांच्या आईचा मृत्यूही त्याच विकाराने झाला होता, असे एडवर्ड्स लिहितात. त्यांच्या आध्यात्मिक अनुभवात काही गोष्टी आशादायक दिसत होत्या, पण स्वतःविषयी आशा धरण्याचे धाडस त्यांना होत नव्हते. पुढे त्यांची झोप गेली. जवळजवळ दोन महिने ते फार थोडे झोपले आणि रात्री जागून भयानक गोष्टींचे चिंतन करीत राहिले. शेवटी शेवटी त्यांना सल्ला देणे किंवा त्यांच्याशी युक्तिवाद करणे व्यर्थ झाले होते.

बॅक्स्टर यांनी ज्या ज्या गोष्टींपासून अशा माणसाला दूर ठेवा म्हणून सांगितले होते, त्यातल्या बहुतेक सर्व या वर्णनात आहेत.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय म्हणजे उपदेश जसा चालला आहे तसाच चालू ठेवणे आणि व्यापाऱ्यांशी घरी, खाजगीत बोलणे. याच्या बाजूने मोठे कारण होते. रविवारी बाकांवर जवळजवळ सगळे गाव बसत असे, आणि एका श्रोत्यासाठी सर्वांचा उपदेश बदलला तर ज्यांची मने अजून कठीण आहेत त्यांना हवे ते मिळाले नसते. पर्किन्स यांच्या सात प्रकारांपैकी सातवा, म्हणजे मिश्र मंडळी, हाच इथे आडवा येतो. खाजगी संभाषणात पाळक माणसाप्रमाणे बोलू शकतो, व्यासपीठावरून त्याला सर्वांशी एकच बोलावे लागते.

दुसरा पर्याय म्हणजे काही आठवडे तरी व्यासपीठावरचा तोल बदलणे आणि चेपलेल्या बोरूसारखी वचने पुढे आणणे. एडवर्ड्स यांना हा सूर नवखा नव्हता. ख्रिस्तामध्ये सिंहाचा प्रताप आणि कोकराची सौम्यता एकत्र कशी नांदते यावरचे त्यांचे प्रवचन याच काळातल्या प्रवचनांसोबत १७३८ साली छापले गेले. पुढे त्याच वर्षी दिलेल्या प्रवचनमालेत त्यांनी स्वर्गाचे वर्णन प्रेमाचे जग असे केले. कोपाचे उपदेशक म्हणून त्यांची जी ओळख अमेरिकेतील शाळा-कॉलेजांच्या पुस्तकांतून झाली आहे ती अपुरी आहे, आणि या प्रकरणात ती गैरसमजालाच कारण होते.

तिसरा पर्याय म्हणजे व्यापाऱ्यांची अवस्था मुळात आजार म्हणून हाताळणे: वैद्य, झोप, काम, सोबत, आणि आत्मपरीक्षणाला काही काळ विश्रांती. परंपरेने हा मार्ग सांगितलेला होता. पण संजीवनाच्या वातावरणात त्याची एक अडचण होती. पापाची तीव्र जाणीव आणि विषण्णता बाहेरून जवळजवळ सारख्याच दिसत. रडणे, झोप न येणे, अन्न न जाणे, आपण हरवलो आहोत अशी खात्री, ही लक्षणे त्या वसंतात ज्यांच्या ज्यांच्यात दिसली त्यांतले बहुतेक काही दिवसांत आनंदाने उजळलेले चेहरे घेऊन पाळकाकडे आले होते. मग याच माणसाच्या बाबतीत वेगळे काही चालले आहे हे ओळखायचे कसे? दोन महिने न झोपणे ही त्याची खूण होती, असे आज म्हणता येते. तेव्हा ती खूण शेकडो खुणांत मिसळून गेली होती.

प्रत्यक्षात काय केले गेले

उपलब्ध लिखाणावरून दिसते ते इतकेच, की व्यापाऱ्यांना समजावण्याचे प्रयत्न झाले आणि ते निष्फळ ठरले. उपदेशाची दिशा बदलल्याचे कुठे दिसत नाही. ३० मे १७३५ रोजी एडवर्ड्स यांनी बॉस्टनचे पाळक बेंजामिन कोलमन यांना संजीवनाचा आनंदाने भरलेला वृत्तांत लिहिला. ते पत्र रवाना होण्याआधीच रविवारची ती सकाळ उजाडली. ३ जून रोजी त्यांना त्याच पत्राला ताजा कलम जोडावा लागला.

तो ताजा कलम मी अनेकदा वाचला आहे. वरचा मजकूर आणि खालचा मजकूर यांच्यात चारच दिवसांचे अंतर आहे, आणि घरातल्या माणसाचा मृत्यू सांगताना लेखणी जितकी आवरता येते तितकी त्यांनी आवरली आहे. घराण्यातला विकार, गेलेली झोप, निराशेचे विचार आणि सैतानाने त्या स्थितीचा घेतलेला फायदा, अशी कारणे त्यांनी त्यात दिली आहेत. मृत्यूची चौकशी करणाऱ्या पंचांनीही मृत व्यक्ती भानावर नव्हती असा निष्कर्ष काढला. त्या आठवड्यात गावात उपवासाचा दिवस पाळण्याचे ठरले.

एडवर्ड्स यांनी ही घटना दडपली नाही, हे त्यांच्या बाजूने ठळकपणे सांगितले पाहिजे. १७३६ च्या नोव्हेंबरात लिहिलेला आणि १७३७ साली लंडनमध्ये तिथले पाळक आयझॅक वॉट्स व जॉन गाइज यांच्या प्रस्तावनेसह छापलेला विस्तृत वृत्तांत संजीवनाची बाजू मांडण्यासाठीच होता, आणि ही घटना वगळली असती तर त्याला बळच आले असते. त्यांनी ती ठेवली.

परिणाम

व्यापाऱ्यांच्या मृत्यूनंतर गावात आणि आसपासच्या गावांत अनेकांना तसेच करण्याचे विचार आग्रहाने सुचू लागले. जणू कोणी कानाशी येऊन हीच संधी आहे, आताच, असे सांगत आहे, असा अनुभव ज्यांना विषण्णतेचा स्पर्शही नव्हता अशा धर्मनिष्ठ माणसांनाही आल्याचे एडवर्ड्स लिहितात. एका मृत्यूची बातमी अशा विचारांचा संसर्ग कसा पसरवते, हे आज आपण मानसिक आरोग्याच्या भाषेत ओळखतो. एडवर्ड्स यांनी ते सैतान मोकळा सुटल्याच्या भाषेत सांगितले, पण निरीक्षण अचूक आहे.

संजीवन ओसरले. पवित्र आत्मा हळूहळू माघार घेत असल्याचे मे महिन्याच्या उत्तरार्धातच जाणवू लागले होते, असे ते म्हणतात, म्हणजे त्यांच्या मते ओहोटी या मृत्यूच्या आधीच लागली होती. या क्रमावर वाद होऊ शकतो. त्या उन्हाळ्यानंतर मन पालटल्याच्या घटना विरळ झाल्या, यावर मात्र वाद नाही.

कोपाच्या उपदेशामुळे हा मृत्यू घडला, असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्यास आधार नाही. घराण्यातला विकार आधीपासून होता, आणि तेच उपदेश ऐकून शेकडो माणसे सुखाने जगली. पण त्या मनाला खचताना जी भाषा हाताशी मिळाली ती रविवारी व्यासपीठावरून येत होती, आणि तिच्यातला दयेचा अर्धा भाग त्याला आपला वाटू शकला नाही, एवढे म्हणणे भाग आहे.

व्यापाऱ्यांचा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर व द्राक्षारसाच्या पवित्र विधीला, कोणी यावे या वादातून जून १७५० मध्ये नॉर्दॅम्प्टनच्या मंडळीने एडवर्ड्स यांना पदावरून दूर केले, तेव्हा त्यांच्या विरोधकांमध्ये हा मुलगा, आता वकील झालेला, अग्रभागी होता. १७६० साली त्याने आपल्या वागण्याबद्दल तीव्र पश्चात्ताप व्यक्त करणारे पत्र लिहिले. एडवर्ड्स तोवर हयात नव्हते. वडिलांचा मृत्यू आणि मुलाचा विरोध यांचा संबंध जोडण्याचा मोह होतो, पण कागदपत्रे तो जोडत नाहीत.

सहा वर्षांनंतर, एन्फील्ड

या प्रकरणाचा दुसरा टप्पा ८ जुलै १७४१ रोजी एन्फील्ड येथे दिसतो. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायातील, योग्य समयी त्यांचा पाय घसरेल, या वचनावर एडवर्ड्स यांनी तिथे दिलेले प्रवचन पुढे सर्वत्र गाजले. आगीवर धरलेला कोळी, ताणलेले धनुष्य, बांधामागे चढत जाणारे पाणी, या प्रतिमा त्यातल्याच. पण त्या प्रवचनाचा गाभा प्रतिमांत नाही, हातात आहे. जो हात पाप्यावर रागावलेला आहे, त्याच हाताने त्याला या क्षणापर्यंत पडू दिलेले नाही. ज्याचा कोप आहे त्याचीच धीर धरणारी दया माणसाला श्वास घेऊ देत आहे. कोप आणि दया एकाच हातात आहेत, आणि त्या एका हाताखेरीज खाली काहीच नाही. प्युरिटन उपदेशात या दोन गोष्टी वेगळ्या काढता का येत नाहीत, हे इतक्या थोडक्यात दुसरीकडे कुठे सांगितलेले मला आढळलेले नाही.

छापील प्रवचनाच्या शेवटच्या पानांवर ख्रिस्ताने दयेचे दार सताड उघडले आहे, असे आवाहन येते. त्या दिवशी हजर असलेले लाँगमेडोचे पाळक स्टीफन विल्यम्स यांच्या दैनंदिनीत मात्र वेगळाच क्रम दिसतो. प्रवचन संपण्याआधीच सभागृहात आक्रोश उठला, तारणासाठी मी काय करू असे लोक ओरडू लागले, आणि एडवर्ड्स यांना थांबावे लागले. काही वेळाने शांतता झाल्यावर प्रार्थना झाली. मग पाळक व्यासपीठावरून खाली उतरले आणि कोणी इथे, कोणी तिथे, असे लोकांमध्ये जाऊन त्यांच्याशी बोलले. ज्यांना दिलासा मिळाला त्यांच्या चेहऱ्यांवरचा आनंद विल्यम्स यांनी आवर्जून नोंदवला आहे. प्रवचन पुढे पूर्ण झाल्याचा उल्लेख त्या नोंदीत नाही. दयेचा भाग बहुधा व्यासपीठावरून उच्चारला गेलाच नाही. तो बाकांमध्ये, एकेका माणसाजवळ बसून सांगितला गेला.

निर्णयाच्या जागा

पहिली जागा एप्रिल १७३५ ची आहे. तेव्हा एडवर्ड्स एकतीस वर्षांचे होते, आठवड्याला तीस माणसे त्यांच्याकडे येत होती, आणि प्रत्येकाची अवस्था त्यांना एकट्यालाच पारखायची होती. पर्किन्स यांची पारख करायला वेळ लागतो. एन्फील्डला अनेक पाळक एकाच वेळी खाली उतरू शकले, नॉर्दॅम्प्टनमध्ये एकच पाळक होता. शेजारच्या गावांतील वडीलधाऱ्या पाळकांपैकी एखाद्याला केवळ या कामासाठी बोलावता आले असते, आणि व्यापारी हे घरातलेच असल्यामुळे तर ते अधिकच योग्य ठरले असते. भाच्याने मावशीच्या यजमानांच्या आत्म्याची परीक्षा करणे दोघांनाही अवघड गेले असणार.

दुसरी जागा झोपेची. दोन महिन्यांची अनिद्रा ही सैतानाची संधी आहे, असे एडवर्ड्स यांनी मृत्यूनंतर लिहिले. तिच्याकडे आधी शरीराची तक्रार म्हणून पाहिले असते, घरच्यांना रात्री सोबतीला बसवले असते आणि त्यांचे एकांत-चिंतन थांबवण्यास सांगितले असते, तर बॅक्स्टर यांचाच सल्ला पाळला गेला असता. त्यासाठी सिद्धांतात काहीही बदल करावा लागला नसता. माझ्या दृष्टीने या प्रकरणातली सर्वांत वेदनादायक गोष्ट हीच आहे, की उपाय परंपरेबाहेरून आणावा लागणार नव्हता.

तिसरी जागा मृत्यूनंतरची. उपवासाचा दिवस गंभीर आणि प्रामाणिक होता, पण त्याने गावाचे लक्ष पुन्हा त्याच घटनेवर आणि सैतानाच्या रोषावर खिळवले. ज्यांच्या मनात तेच विचार येत होते त्यांच्यासाठी घरोघरी जाणे अधिक उपयोगी पडले असते, असे मला वाटते. ते किती प्रमाणात झाले हे वृत्तांतातून कळत नाही, म्हणून यावर मी ठाम बोलत नाही.

मराठी वाचकांना हा सर्व प्रकार परका वाटू नये. १८१३ साली मुंबईत पोहोचलेले मिशनरी गॉर्डन हॉल आणि त्यांचे सहकारी याच न्यू इंग्लंडमधून, एडवर्ड्स यांच्या विचारांवर पोसलेल्या मंडळ्यांतून आले होते, आणि १८३१ पासून अहमदनगरमध्ये रुजलेले अमेरिकन मराठी मिशनचे कामही त्याच मुळाचे. आपल्या मंडळ्यांतील संजीवन सभांत पापाची जाणीव आधी आणि दिलासा नंतर हा जो क्रम अजूनही दिसतो, त्याचा माग काढत गेले तर एक वाट नॉर्दॅम्प्टनपर्यंत जाते.

एडवर्ड्स स्वतः या प्रकरणाच्या निष्कर्षापर्यंत आले का? थेट उल्लेख नाही. एन्फील्डचे प्रवचन ज्याचा भाग होते, त्या १७४० नंतर न्यू इंग्लंडभर पसरलेल्या मोठ्या संजीवनावर लिहिलेल्या आणि १७४३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात, आधीच घाबरलेल्यांना आणखी भीती घालणाऱ्या पाळकांचा त्यांनी बचाव केला आहे. शल्यवैद्य रोगी ओरडतो म्हणून हात आखडता घेत नाही, जखमेच्या मुळाशी पोहोचेपर्यंत तो शस्त्र चालवतो, असा दृष्टांत ते देतात. पण त्याच विवेचनात ते एक अपवाद सांगतात, आणि हा एकच अपवाद आपल्याला ठाऊक आहे असे म्हणतात. विषण्णतेने ग्रासलेल्या माणसापासून सत्य राखून ठेवावे लागते. सत्य त्याला अपाय करते म्हणून नव्हे, तर प्रत्येक गोष्ट उलटी घेण्याची एक विचित्र प्रवृत्ती त्याच्यात असते आणि सत्य ऐकूनही तो चुकीच्या समजुतीकडे ओढला जातो म्हणून.

हे वाक्य लिहिताना त्यांच्यासमोर कोण होते ते त्यांनी सांगितलेले नाही. माझ्या मते ते आठ वर्षांपूर्वीचे व्यापारी होते. अशा माणसाशी बोलताना पाळकाने काय करावे हे त्या वाक्यात आहे. रविवारी तो इतर सर्वांसोबत बाकावर बसलेला असताना, व्यासपीठावरून तेच सत्य सर्वांना सांगायचे असते तेव्हा काय करावे, हे त्यात नाही.